आबांना ओव्हरटेक कोण करणार?

"रेखाताई, हा बग आहे. शंभर टक्के बग," केदार स्क्रीनवरून म्हणाला. "आज संध्याकाळपर्यंत काढा."

केदार म्हणजे माझा बॉस. बसतो पुण्यात, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा, आणि त्याला जगातली प्रत्येक गोष्ट संध्याकाळपर्यंत हवी असते. मी बसते नंदुरबारला, घराच्या वरच्या खोलीत. मिरचीचा हंगाम असला की वाऱ्याबरोबर ठसका वर येतो आणि मीटिंगमध्ये पुणेकरांना वाटतं मी रडतेय.

बग म्हणजे प्रोग्रॅममधली चूक. केदारने ग्राफ पुढे केला. पडद्यावरच्या तोरणमाळच्या घाटात दहा सायकलस्वार. नऊ जण झकास वेगात निघतात. मग एकेक जण सुरुवातीलाच जोर लावून पुढे गेलेल्या आबांपर्यंत पोचतो आणि त्याचा वेग धपकन पडतो. तिथून वरपर्यंत सगळे आबांच्या मागे, वरातीत चालल्यासारखे. आबा सत्तरीचे. आणि रोज पहिले.

आमची कंपनी घरात सायकल चालवायचं अ‍ॅप बनवते. सायकलचं मागचं चाक काढून ती एका यंत्रावर बसवतात, त्याला ट्रेनर म्हणतात. समोर पडदा. पडद्यावर चढ आला की ट्रेनर पेडल जड करतो, उतार आला की हलकं. रस्ता खोटा, घाम खरा. माझं काम रूट बनवण्याचं. गाडीला कॅमेरा लावून खऱ्या रस्त्यावरून फिरायचं, चढ मोजायचा आणि तोच रस्ता कॉम्प्युटरमध्ये उभा करायचा. तोरणमाळचा रूट माझा. कठड्यावरची माकडं माझी, धुकं माझं, मागे माणसं लटकलेली जीपसुद्धा माझीच.

केदारचा एकच मंत्र होता. "रिअ‍ॅलिझम, ताई! माणूस विसरला पाहिजे की तो खोलीत आहे." दुसरा मंत्र कस्टमायझेशन, म्हणजे ज्याने त्याने आपलं रूप आपल्या मनासारखं सजवायचं. पडद्यावरच्या त्या रूपाला अवतार म्हणतात. बाकीच्या देशांत हेल्मेट आणि गॉगल देतात. मी आमच्या लोकांसाठी टोपी, धोतर, उपरणं, नऊवारी असं सगळं भरलं. फोटोवरून चेहराही हुबेहूब करायची सोय केली.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

येत्या रविवारी सुरतची पार्टी डेमो बघायला येणार होती. त्यांच्या शंभर जिम. त्यांना चुरशीची शर्यत बघायची होती. डेमो जमला तर असे आणखी रूट करायचे, आणि ते मी नंदुरबारला बसून करायचे. पडला तर इथलं काम बंद, मी पुण्याला. केदारने तसं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याचं दुकान इथे, मुलीची दहावी इथे, आणि पुण्यात ज्याला तिखट मिसळ म्हणतात ती मला आजारी माणसाला द्यावीशी वाटते. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

तेव्हा मी पदर खोचून बगाच्या मागे लागले.

आधी संशय आबांच्या ट्रेनरवर. कधी कधी यंत्र चुकीचं मोजतं आणि माणूस उगाच वाघ ठरतो. आबांचं गाव तापीकाठी. केळी, कापूस, भरलं घर. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी रस्त्यावर सायकल नको म्हटलं, म्हणून त्यांनी कापूस ठेवायच्या खोलीत ट्रेनर बसवून घेतला. बसवला आसिफभाईंनी. नंदुरबारात त्यांची जिम आहे, आणि आजोबांपासून सायकल दुरुस्तीचा धंदा. रूटची चाचणी घेणाऱ्या आमच्या दहा जणांतले निम्मे त्यांच्याच जिममध्ये चालवतात, बाकीचे आबांसारखे आसपासच्या गावांत, घरी. मी त्यांना गावी पाठवलं.

"मॅडम, मशीन एकदम ओके," त्यांचा फोन आला. "आबांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. वांग्याचं भरीत होतं."

मग संशय ड्राफ्टिंगवर. सायकलवर पुढच्याच्या मागे राहिलं की वाऱ्याचा आडोसा मिळतो, कमी जोर लागतो. अ‍ॅपमध्येही तसं असतं. म्हटलं, आडोसा जास्त झाला असेल, लोक फुकटात मागे बसतायत. मी तो पार काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सगळे आबांच्या मागेच, फक्त जास्त दमलेले.

केदार म्हणाला, "बक्षीस ठेवा. जो ओव्हरटेक करेल त्याला सोनेरी जर्सी." ठेवली. शर्यत संपली तेव्हा सोनेरी जर्सी आबांच्या धोतरावर. त्यांनी एका माकडाला ओव्हरटेक केलं होतं आणि प्रोग्रॅमने ते धरलं. तो मात्र खरोखरचा बग होता, आणि माझा होता.

शेवटी मी उठले आणि सकाळी आसिफभाईंच्या जिममध्ये जाऊन बसले. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ज्योती ट्रेनरवर होती. ज्योती म्हणजे आबांची सून. शाळेत शिक्षिका, नवऱ्याबरोबर नंदुरबारात राहते, कॉलेजात असताना खो-खोत भल्याभल्यांना पाणी पाजलेली. ट्रॅकसूट, केसांना रबर, आणि पाय असे चालत होते की ट्रेनर किंचाळत होता. दोन वळणांत तिने सगळ्यांना मागे टाकलं. पुढच्या वळणावर आबांची पांढरी टोपी दिसली. ज्योतीचे पाय मंदावले. एक हात हँडलवरून सुटला, खुर्चीवरची ओढणी तिने उचलली आणि डोक्यावरून घेतली.

पडद्यावरच्या सासऱ्याला बघून! सासरा तिकडे कापसाच्या खोलीत, त्याला ही दिसतही नाही!

"ज्योती, थांबलीस का गं?"

"ताई, आबा शेतस ना पुढे." जणू मीच येडी.

"अगं, तो अवतार आहे."

"व्हय. पन आबास्नाच ना?"

आसिफभाई हसायला लागले. "मॅडम, आबांच्या पुढे कोण जाणार? गावात आबा रस्त्याने पायी निघाले तर पोरं गाडीवरून उतरतात. तुम्ही मिशीसुद्धा सेम काढली. त्यांचा आवाज येतो, पाण्याची पाळी कोणाची ते विचारतात. माझीच हिंमत होत नाही."

मी कपाळावर हात मारला. मी स्वतः खान्देशातली सून. माझे सासरे हयात होते तोवर मी त्यांच्या पुढे जिना उतरले नाही.

केदारला फोन लावला. "बग नाही. संस्कार आहेत."

"ते कुठल्या फाइलमध्ये आहेत?"

"केदार, माणसांमध्ये आहेत."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग, "डिसेबल करता येतील का? संध्याकाळपर्यंत?"

संस्कार नाही, पण आबा करता येत होते. प्रत्येकाचा पडदा वेगळा असतो. तेव्हा आबांच्या पडद्यावर आबा आबाच राहतील, बाकीच्यांच्या पडद्यावर दुसरं काहीतरी दिसेल. नाव लपवायचं, दोन्हीकडचा आवाज बंद ठेवायचा. प्रश्न एवढाच की दाखवायचं काय? ज्याला बघून माणसाला ओव्हरटेक मारावंसंच वाटेल असं काय?

आसिफभाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "उसाची ट्रॉली."

वा! शहाद्याच्या रस्त्याला हंगामात ज्याने गाडी चालवलीय त्याला सांगायला नको. पुढे ट्रॅक्टर, मागे डुलणारी ट्रॉली, बाहेर आलेला ऊस. अशा ट्रॉलीमागे साधूसुद्धा थांबत नाही. मी दिवसभरात ट्रॉली बनवली आणि आबांच्या जागी लावली. दुसऱ्या सकाळी घाटात नुसता धिंगाणा. ज्योती ओरडतेय, "अय ट्रॅक्टर, हट ना बाजूले!" आसिफभाई तोंडाने हॉर्न वाजवतायत. चुरस अशी की केदारने कधी नव्हे ते मला "ग्रेट" म्हटलं.

त्या दिवशी आबा शेवटचे आले. दुसऱ्या दिवशीही.

आबांना वाटलं ट्रेनर बिघडला. आसिफभाई पुन्हा गेले, पुन्हा भरीत खाल्लं, पुन्हा मशीन ओके. मग आबांना वाटलं आपणच बिघडलो. त्यांनी रक्तदाब तपासून घेतला, रक्त तपासायला दिलं. ही बातमी ज्योतीने रडवेल्या आवाजात मला दिली. खेळाखेळात म्हातारा माणूस दवाखान्यात पोचला होता.

शनिवारी आबा स्वतःच जिममध्ये हजर झाले. म्हणाले, "आज तुमना मशीनवर बठी पाहस." पायजमा खोचला, टोपी सारखी केली आणि नेमके ज्योतीच्या शेजारच्या ट्रेनरवर बसले. मी डेमोच्या तयारीला तिथेच होते. थांबवायला तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार?

घाट सुरू झाला. थोड्या वेळाने आबांची नजर ज्योतीच्या पडद्यावर गेली. पुढे एक उसाची ट्रॉली चाललेली. आबांनी दम खायला पाय थांबवले. ट्रॉली थांबली. आबांनी पेडल मारलं. ट्रॉली निघाली. आबांनी पुन्हा पाय थांबवले आणि ट्रॉलीकडे बघत राहिले.

"हाऊ ट्रॅक्टर कोन शे?"

आसिफभाई अचानक एक स्वच्छ मशीन पुसायला लागले. मी लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. ज्योतीने ओढणी सारखी केली. "आबा... तुम्हीच."

"मी?" आबांनी स्वतःच्या पडद्यावरच्या टोपीकडे पाहिलं. "मंग इतला दिन मी पहिला कसा उनू?"

"आम्ही मांगे थांबी जाऊत ना, आबा."

आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी परत घातली. या माणसाने सगळ्या पाहुण्यांत सांगितलं होतं की या वयातही तोरणमाळ मीच पहिला चढतो. आम्ही त्यांना आधी खोटं जिंकवलं आणि मग कारखान्याच्या वाटेला लावलं. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. आबा चहाही न घेता निघून गेले.

संध्याकाळी त्यांचा फोन. "पोरी, तो ट्रॅक्टर काढी टाक. मन्हं रूप ठेव."

"आबा, मग परत कोणी पुढे जाणार नाही. उद्या डेमो आहे. माझं इथलं काम..."

"काढी टाक, सांगनं ना."

बॉसला नाही म्हणता येतं. आबांना येत नाही. मी ट्रॉली काढली, आवाज सुरू केला, आणि नवऱ्याला सांगून टाकलं की पुण्यात भाड्याची खोली बघावी लागेल. केदारला काही सांगितलं नाही. एकीची झोप उडाली होती तेवढी पुरे.

रविवारी जिममध्ये सुरतेचे दोघे पाहुणे खुर्च्यांवर. पुण्याहून केदार फोनच्या पडद्यावर. आबा आपल्या गावी, कापसाच्या खोलीत. शर्यत सुरू झाली, आबांनी पहिल्या धडाक्यात सगळा जोर लावून आघाडी घेतली, आणि पुढे जे व्हायचं तेच झालं. एक टोपी आणि मागे वरात. एका पाहुण्याने जांभई दिली. केदारचे मेसेज: "ताई ट्रॉली कुठाय??" "ताई!!!"

तेवढ्यात स्पीकरमधून आबांचा धापा टाकणारा आवाज आला.

"ज्योती! मांगे काय करी ऱ्हायनी? जाय पुढे!"

ज्योती चमकली. "आबा, आसं कसं..."

"मी सांगी ऱ्हायनू ना! जोर शे ना पायमा? मंग जाय! नही त मी उतरस खाले."

ज्योतीने एकदा माझ्याकडे पाहिलं. ओढणी डोक्यावरून काढली, कमरेला करकचून बांधली आणि निघाली. काय निघाली! टोपीशेजारून जाताना तिने घंटी वाजवली, तशी आबांनी आरोळी ठोकली, "शाब्बास मन्ही वाघीन!" माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मिरचीचा हंगाम नव्हता.

मग मागून आसिफभाईंचा आवाज, अगदी अदबीने, "आबा, येऊ का पुढे?"

"ये, ये."

"आबा, मी बी जाऊ का?"

"जाय ना भो, इचारस काय!"

एकेक जण विचारत होता, आबा परवानगी देत होते, आणि परवानगी मिळाली की तो माणूस बाणासारखा सुटत होता. पाहुणे खुर्चीच्या टोकाला आले. मोठे पाहुणे केदारला म्हणाले, "आ परमिशनवाळुं फीचर बहु सरस छे! आमच्या जिममध्ये बाप-बेटा, सासू-बहू सगळे येतात. हे तर पाहिजेच."

केदारने एक क्षण डोळे मिटले. "हो," तो म्हणाला, "त्यावर आम्ही बरेच दिवस काम करत होतो."

ज्योती पहिली आली. बाकीचे आले. कोणीही उतरलं नाही. सगळे वर तळ्याकाठी अवतार उभे करून थांबले. पाहुण्यांचा चहा झाला, नाश्ता झाला, तेव्हा शेवटच्या वळणावर पांढरी टोपी दिसली. आबा आले. शेवटून पहिले. स्पीकरवर नुसती धाप ऐकू येत होती. ज्योती घाबरली. "आबा, बरं वाटस ना?"

"बरं?" आबांना बोलायला वेळ लागला. "इतला दिन तुम्ही माले वर लई गयात. आज मी सोता चढनू."

काम मिळालं. मी अजून नंदुरबारलाच आहे. "येऊ का पुढे?" हे बटण आता अ‍ॅपमध्ये आहे आणि सुरतेत जोरात चालतं. केदार त्याला स्वतःची कल्पना म्हणतो, म्हणू दे. नवीन रूट हातात आला की माकडं, धुकं, दगड मी सगळ्यात शेवटी बसवते. आधी त्या गावात जाऊन चहा पिते आणि विचारते, इथे कोण कोणाच्या पुढे जात नाही?