एका क्लासचा लॉग

द्राक्षांच्या पेट्यांचा गोडसर वास आला की मला नारायणगावचं ते छोटं ऑफिस आठवतं, जिथं आम्ही कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर लिहायचो. गेट, वजनकाटा आणि थंड खोल्या असे प्रोग्रामचे तीन भाग, म्हणजे क्लास, एकाच मूळ 'पॅरेंट' क्लासमधून निघाले होते आणि तिघांच्या लॉगनं, म्हणजे क्षणाक्षणाच्या नोंदींनी, स्क्रीन भरून जायची. आमच्या टीमचे प्रमुख असलेले सर वैतागून म्हणाले, "पॅरेंटमध्येच लॉग बंद कर, खालचे सगळे आपोआप गप्प होतील." मी नवीन होते, तरी म्हणाले, "बाकीचे करते सर, खोल्यांचा नाही." "तू मला शिकवणार?" मी पॅरेंटमध्ये लॉग बंद केला आणि खोल्यांच्या क्लासमध्ये एका ओळीनं पुन्हा चालू केला. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याच लॉगमध्ये एका खोलीचं तापमान चढताना दिसलं. मी लगेच तिथल्या ऑपरेटरला फोन लावला. "आवं ताई, कॉम्प्रेसर बंद पडलाय, आमाला कळलंच न्हाई!" म्हणत तो धावला आणि माल वाचला. सर मात्र भडकलेच. "नको म्हटलं तरी ठेवलंस. काढ ती ओळ." "तुम्ही काढा, सर. मी काढणार नाही." त्यांनीही काढली नाही. आता मी स्वतः टीम सांभाळते, आणि एखादी नवी मुलगी मला तोंडावर नाही म्हणाली, तर आधी तिला खुर्ची देते आणि का ते विचारते.