मागच्या दारातला कप

स्वयंपाकातलं मला एकच येतं, चहा. वरणात मीठ किती घालायचं हे मी आजही विचारून घालतो आणि विचारूनही चुकतो. पण चहाचा गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, गॅसवर चढवला की मला वाटायचं, या घटकेला अख्ख्या तिरोड्यात आपल्या तोडीचा माणूस नाही. वीज बनवणारे तिकडे प्रकल्पात शेकड्याने असतील, चहा बनवणारा एकच.

मसाला माझा स्वतःचा. दर रविवारी अंघोळीआधी खलबत्ता घेऊन बसायचं आणि सुंठ, मिरे, विलायची, लवंग, दालचिनी कुटायची. शेवटी त्यात जायफळ किसायचं, तेही बेताने. हा बेत किती, हे मी कधीच कोणाला सांगितलं नाही, कारण ते मलाही माहीत नव्हतं. सकाळी उठून अद्रक ठेचायचं, पाण्यात टाकायचं, मग मसाला, पत्ती, साखर, दूध. तीनदा उकळी वर येऊ द्यायची, तीनदा खाली बसवायची. मग दोन कप. पहिला बायकोचा.

तो तिच्या हातात देऊन मी गाळणी धरून समोर उभा राहायचो. ती एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "वा."

बस. त्या 'वा'वर माझा दिवस निघायचा. मी प्राथमिक शाळेतला मास्तर. शाळेत हेडमास्तर बोलायचे, तालुक्याला गेलो की साहेब बोलायचे, पण सकाळचा 'वा' खिशात असला की मला कशाचं काही वाटत नसे. ती मग कप घेऊन मागच्या अंगणात जायची, झाडलोट करायची, आणि थोड्या वेळाने रिकामा कप आणून ठेवायची. बायकोला मी कधी मनासारखी साडी आणून दिली नाही. तिचा वाढदिवस दोनदा विसरलो. पण लग्नाला चोवीस वर्षं होत आली आणि ती माहेरी गेली असेल ते दिवस सोडले, तर तिचा पहिला कप मी केला नाही अशी सकाळ तोवर नव्हती. उद्या कोणी विचारलं असतं की बाबा रे, नवरा म्हणून तू काय केलंस, तर मी हा गंज उचलून दाखवला असता.

हे सुरू कसं झालं तेही सांगतो. हा माझा आवडता किस्सा होता.

बायको सालेकशाकडची. जंगलाला लागून गाव. तिकडे लाल चाय पितात. पाणी, पत्ती आणि गूळ, दुधाचा थेंब नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने ती केली. घर पाहुण्यांनी भरलेलं. मी कप खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मोठ्याने म्हणालो, "हे चाय होय का डबक्यातलं पाणी? तुमच्या गावच्या म्हशी संपावर आहेत काय?" घर हसलं. तीही हसली. मी उठून गंज हातात घेतला आणि जाहीर केलं, "आजपासून चाय माझ्याकडे!" पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात मी हा किस्सा सांगत आलो. ती प्रत्येक वेळी हसत आली.

गेल्या हिवाळ्यात मुलीने पुण्याहून एक खोकं पाठवलं. ती तिकडे नोकरी करते. खोक्यात एस्प्रेसोची मशीन. फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्हाला कॉफी आवडते ना? आता रोज घरी बनवा."

कॉफी मला आवडते हे खरं. पण माझी कॉफी म्हणजे लग्नातली. मंडपाच्या कोपऱ्यात उभी केलेली ती मोठी मशीन, फुस्स करून वाफ, कपावर बोटभर फेस आणि फेसावर चॉकलेटची भुकटी. तिलाच सगळे एस्प्रेसो म्हणतात. गोंदियाला एका लग्नात ती सहा कप पिऊन मी जेवणाच्या पंगतीला न बसताच परत आलो होतो. म्हणून मी फेस मावावा असे मोठे कप काढले, चॉकलेटची भुकटी आणली आणि बटण दाबलं.

मशीन गुरगुरली. कपाच्या तळाला दोन चमचे काळं काहीतरी उतरलं. मला वाटलं, आतली घाण निघून राहिली. तो कप ओट्याच्या कडेला सारला आणि खऱ्या कॉफीची वाट पाहिली. ती आलीच नाही.

मुलीला फोन केला. "अगं, यातलं दूध कुठं आहे?"

"बाबा, दूध वेगळं तापवायचं असतं."

वेगळं? मंडपात कोणी वेगळं तापवतं का? मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मशीनच्या मागच्या पाण्याच्या टाकीत सरळ अर्धा लिटर दूध ओतलं. आपला हात लागल्याशिवाय चव येत नाही, म्हणून वरून चिमूटभर मसालाही. मशीन व्यायला आलेल्या म्हशीसारखी कण्हायला लागली. जळक्या दुधाचा वास थेट रस्त्यावर गेला. नळीतून फुटलेल्या दुधाच्या गाठी टपकू लागल्या.

बायको दारात येऊन उभी राहिली. "खवा करून राहिले का जी?"

दोन दिवस लिंबाचं पाणी फिरवून मशीन साफ केली. त्यानंतर कॉफी भरायची दांडी मी नीट अडकवली नाही. ती सुटली आणि गरम चिखल माझ्या बनियनवर, भिंतीवर आणि कॅलेंडरवर उडाला. नेमके रविवार बुजले. मी हटलो नाही. रोज सकाळी नवी खटपट, रोज दोन-तीन बिघडलेले काळे कप. ते मी ओट्याच्या कडेला ठेवायचो. बायको नंतर धुऊन ठेवायची.

या धांदलीत चहा सुटला. पंधरा दिवस गंज चढलाच नाही. बायकोने एका शब्दानेही तक्रार केली नाही. मला भरून आलं. मनात म्हटलं, किती सोशिक बाई आहे, माझ्या हौसेपायी आपला चहा सोडला.

एका सकाळी ती अंघोळीला गेली असताना मागच्या दारात "दूऽध" अशी हाक आली. आमचा दूधवाला चोरखमारा गावाच्या अंगाने मोटारसायकलवर येतो. या घरात राहायला आल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, तोच. एरवी दूध बायकोच घेते. त्या दिवशी मी पातेलं घेऊन गेलो.

"वहिनी नाही का जी?"

"अंघोळीले गेली. काऊन?"

"नाही, असंच." त्याने दूध घातलं, पण पाय हलेनात. मग म्हणाला, "गुरुजी, तब्येत बरी आहे न तुमची?"

"मले काय झालं?"

"पंधरा दिस झाले, चाय बंद आहे. म्हटलं, गुरुजी बिमार पडले का काय."

"कोणती चाय?"

"तुमचीच न जी. मसालेवाली." त्याने कुंपणाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे निळ्या फुलांचा एक कप पालथा घातलेला होता. "नऊ वर्षांपासून पेऊन राहिलो. वहिनी देते न रोज. गावात सांगतो मी लोकायले, चाय पाहा तं गुरुजीच्या हातची."

मी पातेलं धरून उभा. त्याला वाटलं मी खूश झालो, म्हणून त्याने धीर केला. "राग नका मानू जी, पण जायफळ जास्ती होते. गाडीवर झोप येते मले."

तो गेला. मी भिंतीवरचा कप उचलला. बायको ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, माझ्या हाताकडे पाहिलं आणि थांबली.

"सांगतलं का त्यानं?"

मला वाटलं होतं ती घाबरेल. निदान लाजेल तरी.

"एक घोट तं पेतच होती न मी," ती म्हणाली. "रोज. तुमच्यासमोर."

"अन् बाकीची?"

"मले नाही उतरत ते. इतकं दूध, इतका मसाला. छातीत जळजळ होते. लग्नापासून होते."

"अन् हा दूधवाला येत नव्हता तेव्हा?"

"मोरीत." तिने अगदी सरळ सांगितलं. "मंग हा भेटला. म्हटलं, चांगली वस्तू वाया कायले घालवाची."

चांगली वस्तू! दूधवाल्याचं एक वेळ जाऊ द्या, मोरीचंही जाऊ द्या. पण तो 'वा'? तिच्या तोंडून रोज निघणारा, डोळे मिटून निघणारा?

"मग 'वा' कायले म्हणत होती तू?"

"तुमी गाळणी धरून उभे राहत होते न. म्हटल्याबिगर हलतच नव्हते."

"एकदा तरी सांगायचं होतं."

तिने टॉवेल सोडला, झटकला, दोरीवर टाकला. "सांगतलं होतं न. पहिल्याच आठवड्यात कप भरून सांगतलं होतं, मले काय आवडते ते. तुमी तो उजेडाकडं धरला अन् अख्खं घर हासवलं. अजून हासवून राहिले."

मी आत येऊन थेट मुलीला फोन लावला. घरात कोणीतरी आपल्या बाजूचं असावं माणसाला. सगळं सांगितलं. पलीकडून हसू नाही, आश्चर्य नाही.

"तुला माहीत होतं?"

"बाबा… मशीन आईनेच पाठवायला सांगितली. म्हणाली, बाबाला दुसऱ्या कशात तरी गुंतव."

म्हणजे बायको, मुलगी आणि दूधवाला, तिघंही एका बाजूला. मी ज्याला मुलीची माया समजून टाकीत दूध ओतत होतो, तो माझा चहा बंद पाडायचा बंदोबस्त होता. आणि मी लहान पोरासारखा त्या खेळण्याला भुललो होतो.

दोन दिवस मी घरात काहीच प्यायलो नाही. शाळेत जाताना स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. तिथला चहा म्हणजे नुसती साखर. पण निदान तिथे कोणी माझ्यासाठी 'वा' म्हणत नव्हतं.

तिसऱ्या सकाळी मशीनच्या आवाजाने जाग आली. दाराआडून पाहिलं. बायको ओट्याशी उभी. तिने वाटीच्या बुडाने कॉफी दाबली, दांडी एका हिसक्यात अडकवली, बटण दाबलं. काहीही उडालं नाही. दोन चमचे काळं उतरलं. त्यात तिने गुळाचा खडा टाकला, वरून गरम पाणी ओतलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. आणि प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. पीत असताना उन्हात कपातली कॉफी लालसर दिसत होती. तो रंग मी ओळखला. चोवीस वर्षांपूर्वी मीच तो उजेडाकडे धरला होता.

"ते बिघडलेले कप," मी विचारलं, "तू फेकत नव्हती?"

ती दचकलीही नाही. "बिघडले कुठं होते? मीच पेत होती."

ज्यात मी जीव ओतला तो चहा दूधवाल्याच्या पोटात गेला, आणि जे मी घाण समजून बाजूला सारलं ते तिला आवडलं. बरं, त्यात माझ्या हाताचं काय होतं? बटण. ते तर कोणीही दाबतं. ती तर माझ्यापेक्षा चांगलं दाबते.

आता सकाळी ओट्यावर दोन कारभार चालतात. मी माझा चहा करतो, एक कप मला आणि एक मागच्या दारात, आता माझ्याच हाताने. ती तिची कॉफी करते आणि मला मशीनजवळ येऊ देत नाही. तो लग्नाचा किस्सा मी सांगणं सोडलं आहे. मागे एका बारशात कोणीतरी आठवण करून दिली, "गुरुजी, ते म्हशीच्या संपाचं सांगा न." मी म्हटलं, विसरलो.

परवा तिचे हात कणकेत होते. म्हणाली, "दाबा बटण. बाकी कायले हात नका लावू." मी बटण दाबलं. बाकीला हातही लावला, गूळ घातला, पाणी ओतलं. कप तिच्यापुढे ठेवला आणि यावेळी शहाण्यासारखी पाठ फिरवून उभा राहिलो. कणकेच्या हातानेच घेतलेल्या घोटाचा आवाज आला. पुढे काहीच नाही. मग ती हात धुऊन कप घेऊन उठली आणि मागच्या दाराकडे गेली, अगदी नेहमीसारखी. थोड्या वेळाने रिकामा कप आणून ठेवला.

रिकाम्या कपावर माझा आता विश्वास नाही. दिवसभर शाळेत पाढे चुकीचे सांगितले. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला तेव्हा ती आत आहे हे पाहून मी हळूच विचारलं, "काल वहिनीनं काही देल्लं का तुले? काळं?"

"मागतली होती जी मी. वास मस्त येऊन राहिला होता." त्याने तोंड पाडलं. "तं म्हणते, तुले चाय आहे न गुरुजीची, ते पे. हे नाही भेटत."

मी त्याचा चहा त्याच्या हातात दिला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वा!"

"'वा' म्हणू नको बा," मी म्हटलं. "जायफळ कसं आहे, ते सांग."