तिसऱ्या तोडणीचे पोहे

वीस डिसेंबर. त्या दिवसाचं काम ठरलेलं होतं: धिंगरीची तिसरी तोडणी. खोलीत टांगलेल्या पिशव्यांवर उगवलेल्या छत्र्या देठाशी पिळून काढायच्या, दोन ताटांत वेगवेगळ्या ठेवायच्या आणि वजन करायचं. धिंगरी म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी आळिंबी. आता इंदूरच्या लग्नांत तिचं वेगळं काउंटर असतं. तेव्हा आमच्या सासूबाई तिला कुत्र्याची छत्री म्हणायच्या आणि मी विद्यापीठातून आले की आधी हात धुवायला पाठवायच्या.

चाळिशीत पीएच.डी. करायची मला हौस नव्हती. नवरा मिलमध्ये कापूस विंचरायच्या खात्यात सुपरवायझर होता. मिल बंद पडली आणि घरात एकच नोकरी उरली. ती माझी, आणि तीही तदर्थ. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या सत्रापासून पीएच.डी. नसेल त्याला ठेवता येणार नाही. तेव्हा प्रबंध उन्हाळ्याच्या आत जायला हवा होता, नाहीतर चूल कशावर पेटवायची हा प्रश्न होता.

विषय मी जवळचाच घेतला. बंद मिलच्या गोदामात पडलेल्या कापसाच्या कचऱ्यावर धिंगरी जास्त येते, की सोयाबीनच्या भुश्यावर? भुसा बेटम्याच्या एका विद्यार्थिनीच्या शेतातून यायचा. कचरा हे आणायचे. मिलच्या फाटकावरचा चौकीदार ह्यांना अजून सलाम ठोकायचा आणि पोतं भरून द्यायचा. "ह्या कचऱ्यापायी मी खात्यातल्या लोकांना किती बोललो असेन," हे म्हणायचे, "आणि आता तू त्याच्यावर डॉक्टर होणार."

हे घरी बसले तरी मिल काही ह्यांच्यातून गेली नव्हती. भोंगा बंद झाला होता, पण जेवण भोंग्याच्या वेळेलाच. आणि एक सवय तर फारच घट्ट होती. ह्यांच्या खात्यात दाराच्या उजव्या हाताला एक फळी होती. वजन झालेला, पास झालेला माल तेवढा त्या फळीवर ठेवायचा, आणि तिथे ठेवलेलं जो दिसेल त्याने न विचारता पुढे न्यायचं. घरातही दाराच्या उजवीकडे काही ठेवलं की हे ते पुढे नेत. दळणाचा डबा गिरणीत जाई, बरं वाटे. पण एकदा माझ्या मामांनी आपली बॅग तिथे टेकवली, तर हे ती बस स्टँडवर पोचवून आले. मामा आणखी चार दिवस राहणार होते.

विद्यापीठाने ज्या विषयांना स्वतःची जागा नव्हती ते सगळे एका जुन्या बैठ्या इमारतीत कोंबले होते. डावीकडे इतिहासाचे सर, दरबारी मोडी कागदांचे गठ्ठे घेऊन. उजवीकडे अर्थशास्त्राचा एक तरुण संशोधक, नव्या आर्थिक धोरणावर प्रबंध लिहिणारा. मध्ये मी आणि माझी बुरशी. बुरशीला अंधार आणि ओल लागते, म्हणून मधली खोली मला मिळाली होती. ती दुसऱ्या कुणाला नकोच होती.

मग कॉम्प्युटर आला. तो व्हरांड्यात खोक्यातच होता. खोकं उघडायची परवानगी वरून यायची होती, पण दसऱ्याला खोक्यासकट पूजा झाली होती आणि वरचा झेंडू तसाच सुकला होता.

"मॅडमजी, माझं तुमच्याशी पर्सनली काही नाही," अर्थशास्त्रवाला म्हणाला. "पण कॉम्प्युटरला ठंडी खोली लागते, और ठंडी खोली ह्या बिल्डिंगमध्ये एकच आहे."

"भिया," मीही इंदुरी बोलीत म्हटलं, "ती ओल आहे म्हणून थंड आहे. ओल काढलीत की तीही तुमच्या खोलीसारखीच होईल."

"वो अपन देख लेंगे ना. कूलर लावू."

"म्हणजे पुन्हा ओल."

ह्यावर तो विचार करायला गेला.

इतिहासाच्या सरांची तक्रार वेगळी होती. माझ्या खोलीतून उडणाऱ्या बीजाणूंनी त्यांना शिंका येत, ते खरं होतं. पण ते पुढे जात. "बाई, तुमची बुरशी माझे कागद खाणार. दोनशे वर्षं टिकलेत ते. मराठे, पेंढारी, इंग्रज, सगळ्यांतून वाचलेत."

"सर, माझी बुरशी उकळून गाळलेला कचरा खाते. तुमचे कागद उंदीर खातात, आणि उंदीर तुमच्या शेवेसाठी येतात."

सर एकटे राहत आणि जेवणखाण इमारतीतच उरकत. त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर दरबार होता आणि खालच्या फळीवर पोहे, शेव आणि फोडणीचं साहित्य.

शेवटी खोली कुणाची हे ठरवायला विद्यापीठाने पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष भौतिकशास्त्राचे. त्यांनी खोली न बघताच फायलीवर शेरा मारून ठेवला होता, 'अस्वच्छ व आरोग्यास घातक'. समिती वीस डिसेंबरला दुपारी तीनला येणार आणि एक जानेवारीपासून खोली कॉम्प्युटरची होणार, असं कारकूनसुद्धा सांगत होता. मला त्याचं फार वाटलं नाही. पहिल्या दोन तोडण्यांची वजनं माझ्याकडे होती. तिसरीचं मिळालं की तक्ता पुरा, मग खोलीत त्यांनी कॉम्प्युटर ठेवावा नाहीतर म्हैस बांधावी.

तोडणी छान झाली. दोन्ही ताटं शिगोशीग भरली. कापसाच्या ताटावर 'अ'ची चिठ्ठी, भुश्याच्या ताटावर 'ब'ची. वजनाचा काटा रसायनशास्त्रवाले घेऊन गेले होते, तो आणायला मी निघाले. काट्याची वायर भिंतीतल्या बटणापर्यंत पुरावी म्हणून ताटं मी बटणाजवळच्या टेबलावर ठेवली. बटण दाराच्या उजव्या हाताला होतं.

रसायनशास्त्रात काटा होता, पण काट्याच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते चहाला गेले होते. मी थांबले. दरम्यान विद्यापीठाच्या इतिहासात कधी झालं नसेल ते झालं. समिती वेळेच्या आधी आली.

पुढचं मला नंतर कळलं, पण सर, अर्थशास्त्रवाला आणि हे, तिघांनीही सारखंच सांगितलं, म्हणून खरं असावं. समिती आली तेव्हा कॅन्टीन संपामुळे बंद. सर शिंकत बाहेर आले आणि त्यांनी पाच पाहुणे बघितले. शत्रूच्या घरी आलेले असले तरी पाहुणे ते पाहुणे, कोरड्या तोंडाने कसे जाणार? त्यांनी पोह्यांचा डबा काढला. तो अर्धाच होता. अर्थशास्त्रवाला म्हणाला, "सरजी, इतके से में क्या होगा? डिमांड जादा आहे." एवढ्यात माझा डबा घेऊन हे आले.

ह्यांना पाहुण्यांची अडचण समजली. दाराच्या उजव्या हाताला दोन ताटं भरून ठेवलेली दिसली. म्हणजे वजन झालेला, पास झालेला माल. ह्यांनी तो पुढे नेला.

शेगडी माझी, कचरा उकळायचं पातेलंही माझंच. ते त्या इमारतीतलं सगळ्यांत स्वच्छ भांडं होतं हे मी आजही सांगेन. तेल, मोहरी, हळद दरबाराच्या खालच्या फळीवरून आली. हिरव्या मिरच्या माझ्या डब्यातल्या.

मी काटा छातीशी धरून आले तर व्हरांड्यात पंगत बसली होती. अध्यक्ष कॉम्प्युटरच्या खोक्यावर बशी ठेवून दुसऱ्यांदा शेव घालून घेत होते.

"या मॅडम, या," ते म्हणाले. "घ्या, गरम आहेत. ह्या पोह्यांत पनीरसारखं हे काय घातलंय?"

"हिचाच माल आहे, साहेब," हे म्हणाले. अशी छाती फुगवून मी ह्यांना मिल बंद झाल्यापासून बघितलं नव्हतं.

मी दाराशी गेले. दोन ताटं होती, धुऊन पालथी घातलेली. 'अ' आणि 'ब'च्या चिठ्ठ्या नीट घडी करून बाजूला ठेवल्या होत्या.

"अहो," मी विचारलं, "ह्यातली 'अ' कुठली आणि 'ब' कुठली?"

"दोन्ही एकत्रच टाकली. चव एकच आहे."

"मॅडमजी," अर्थशास्त्रवाला बशीतून मान वर न करता म्हणाला, "तो भी एक फाइंडिंगच झालं ना."

अध्यक्षांचा चमचा थांबला होता. "एक मिनिट. ह्या त्या आतल्या छत्र्या? ह्या घातक तर नाहीत ना?"

"फायलीवर तसं लिहिलंय, सर," मी म्हटलं. "आपल्याच अक्षरात."

"ते मी खोलीबद्दल लिहिलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "छत्र्यांबद्दल नाही."

मी काटा खोक्यावर त्यांच्या बशीशेजारी ठेवला आणि काय झालंय ते सांगितलं. ही तिसरी तोडणी होती. हिचं वजन घ्यायचं होतं. त्या वजनाशिवाय तक्ता नाही, तक्त्याशिवाय प्रबंध नाही, प्रबंधाशिवाय माझी नोकरी नाही. आणि ते वजन आता समितीत वाटलं गेलंय.

ह्यांचा चेहरा उतरला. मी पुन्हा तिकडे बघितलं नाही, कारण त्या क्षणी बघितलं असतं तर काहीतरी बोलले असते, आणि पाच परक्या माणसांसमोर बोलणं बरं नव्हतं.

"अंदाजाने लिहा की," इतिहासाचे सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "आमच्या कागदांत सगळं 'सुमारे'च असतं. सुमारे इतकी खंडी, सुमारे इतके घोडे."

"घोड्यांचं चालतं, सर. माझं नाही चालत."

"मग पुन्हा लावा," अध्यक्ष म्हणाले.

"लावते. पण बी पेरल्यापासून तिसऱ्या तोडणीपर्यंत होळी येईल. आणि एक जानेवारीला खोली जाणार."

समितीत हिंदीच्या एक मॅडम होत्या. त्यांचा उपास होता, त्यामुळे त्या इतका वेळ सगळ्यांकडे दयेने बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी काहीच खाल्लेलं नाही. आजचा अहवाल निःपक्षपातीपणे मीच लिहू शकते. समितीने सामग्री की जाँच केली आणि..."

"तुम्ही काही लिहू नका," अध्यक्ष घाईने म्हणाले. मग त्यांनी सुस्कारा सोडला. "बाकी खाल्ल्या मिठाला जागायला पाहिजे. पण कॉम्प्युटरचं काय करायचं? त्याला थंड खोली पाहिजे."

"सर, डिसेंबर आहे," मी म्हटलं. "सगळ्याच खोल्या थंड आहेत. आपण शाल घेऊन बसलाय."

हे तोपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. भौतिकशास्त्रवाल्यांच्याही नाही. अध्यक्षांनी शालीकडे बघितलं आणि ती खांद्यावरून काढून ठेवली.

इतिहासाचे सर खाकरले. "कॉम्प्युटरबरोबर एक लोखंडी कपाटपण मंजूर झालंय ना? उंदीर शिरत नाहीत असं?"

"हौ, सरजी, झालंय," अर्थशास्त्रवाला म्हणाला.

"मग तुमचं यंत्र होळीपर्यंत माझ्या खोलीत ठेवा. कपाट मात्र मी वापरणार."

"और तुमची शेव?"

"शेव बाहेर राहील."

असं ते ठरलं. फायलीवर काय लिहायचं ह्यावर मात्र वेळ गेला. 'समितीने सेवन केल्यामुळे' हे अध्यक्षांना चालेना, 'नैसर्गिक आपत्ती' मला चालेना. शेवटी 'प्रायोगिक कारणास्तव कक्षाची मुदत होळीपर्यंत वाढवण्यात येते' असं झालं. आधीचा शेरा अध्यक्षांनी स्वतः खोडला. जाताना म्हणाले, "मॅडम, मिसेसना दाखवायला थोड्या मिळाल्या असत्या तर..." मी म्हटलं, होळीला या, वजन झाल्यावर.

त्या रात्री हे भोंग्याची वेळ टळून गेल्यावर जेवायला बसले. सासूबाईंनी दोनदा विचारलं, पोटबिट बिघडलंय का. जेवून झाल्यावर हे म्हणाले, "ताटं दाराशी होती."

"होती."

"उजव्या हाताला."

"हो."

"आमच्या खात्यात तू वजन न करता माल तिथे ठेवला असतास, तर तुला मेमो मिळाला असता."

"मिळाला असता," मी म्हटलं.

सासूबाईंनी विचारलं, "मग त्या छत्र्या लागल्या तरी कशा?" हे म्हणाले, मीठ थोडं कमी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना मी नव्या पोत्यासाठी मिलच्या फाटकावर पाठवलं. इमारतीत जाऊन दाराजवळचं टेबल ओढत खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, डाव्या हाताला नेलं. काट्याची वायर तिथपर्यंत पुरेना, म्हणून अर्थशास्त्राच्या खोलीतून जोडवायर मागून आणली. मग पातेलं घासलं, हळदीचा वास जाईपर्यंत पाणी उकळलं, आणि उरलेला कचरा भिजत घातला.