साहेबांचं टपाल

फुकटच्या जेवणालाही टपालानं लेखी उत्तर धाडणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, तो म्हणजे आमच्या शेजारचे साहेब. तीनदा आमदार झाले. पत्रं सांगायचे ते आणि लिहायचो मी, निवृत्त मास्तर. व्याख्यानाचं निमंत्रण आलं की पहिला प्रश्न, "जेवन भाषणाच्या आदी हाय की मागनं?" आधी असेल तर साहेबांची प्रकृती ताबडतोब बिघडायची, कारण भरल्या पोटी त्यांना व्यासपीठावरच डुलकी लागे. माळशिरसच्या एका शाळेत तर स्वतःचा परिचय चालू असतानाच ते घोरले होते. नुसत्या जेवणाचं बोलावणं असलं, की मात्र भाषण ठरलेलं. कुर्डुवाडीच्या एका लग्नात पंगतीत पाटावर बसल्या बसल्याच इतकं बोलले, की वऱ्हाडाची गाडी निघून गेली. पुढं एका यजमानानं धसका घेऊन पत्रिकेखाली लिहिलं, ‘भोजनास यावे, भाषणाची तसदी घेऊ नये.’ साहेबांनी उलट टपाली कळवलं, ‘तसदी कसली? आपलंच घर आहे.’

गेल्या निवडणुकीत साहेब पडले आणि पत्रिका बंद झाल्या. एका सकाळी त्यांनी मला बोलावून करमाळ्याच्या जुन्या कार्यकर्त्याला पत्र सांगितलं: मुलीच्या लग्नास येता येणार नाही, क्षमस्व. पत्रिका कुठाय, मी विचारलं.

"यील की. आदी उत्तर गेलं, म्हंजे त्याला बोलवायची आठवन हुईल."

मला त्यांचा राग आला आणि लगेच वाईटही वाटलं. लिहिलं मुकाट्यानं.

चौथ्या दिवशी कार्यकर्ता स्वतः दारात. नव्या आमदारांची मर्जी जाऊ नये म्हणून साहेबांना बोलवायचं नाही असं घरात ठरलं होतं, हे त्यानं खाली मान घालून कबूल केलं. "चुकलं आमचं. तुमी यायचंच," म्हणाला. तारीख मोकळी आहे का बघतो, म्हणून साहेबांनी डायरी उघडली. पानं कोरी होती, ती त्यांनी बराच वेळ चाळली.

लग्नात आम्ही जेवायला बसलो आणि नवे आमदार आले. निम्मी पंगत हात न धुताच मांडवाच्या दाराकडे धावली. यजमानही आता जाणार, हे ओळखून साहेबांनी नजर पानावरच ठेवली. तो गेला नाही. बुंदीची परात घेऊन समोर येऊन बसला.

"त्यास्नी बघत्याल पोरं. तुमी सावकाश जेवा."

साहेबांना बोलायला इतकी चांगली संधी कधी मिळाली नव्हती. ते काहीच बोलले नाहीत. तो वाढत राहिला आणि साहेबांना नको म्हणणंही जमेना.