मळ असता तर

"हात पुढे कर," ट्यूटरबाई म्हणाल्या. मी केले. त्यांनी माझे तळहात उलटेसुलटे करून पाहिले आणि व्हरांड्यातल्या सगळ्या मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ह्या हातांनी पेशंटला औषध पाजणार तू? शी."

तळहाताच्या रेघा काळ्या पडल्या होत्या. बोटांच्या पेरांवरही तसंच. नव्वद सालानंतरची गोष्ट. सांगलीतल्या एका नर्सिंग शाळेत मी पहिल्या वर्षाला होते. वॉर्डात जाण्याआधी रोज हातांची तपासणी व्हायची. मी जतकडची, बाप मेंढरं राखणारा. बाई साताऱ्याच्या, मोठ्या घरातल्या. माझ्याकडे बघायच्या आधीच त्यांना माझ्या अंगावर मळ दिसायचा.

"बाई, मळ न्हाई ह्यो. धुतलं तरी जात न्हाई."

"कधी नीट धुतलेच नसतील."

त्यांनी कपड्यांचा ब्रश आणवला. धुण्याचा सोडा आणवला. दोन मुलींना माझी मनगटं धरायला लावली आणि घासायला सुरुवात केली. आधी कातडी लाल झाली, मग सोलली. सोडा आत शिरला तशी मी गुरासारखी ओरडले. रक्त फेसात मिसळलं तरी बाईंचा हात थांबेना. रेघा होत्या तशाच काळ्या राहिल्या आणि बाईंना त्याचाच जास्त राग आला. माझं वॉर्डात जाणं बंद झालं, मला पेशंटची संडासाची भांडी धुवायला लावली. सोललेल्या हातांनी ती मी फिनेलमध्ये धुतली.

मग हिरड्या काळ्या पडल्या.

"मिशेरी लावतेस?"

"न्हाई, बाई."

थोबाडीत बसली. व्हरांड्यात सगळ्यांसमोर माझी ट्रंक उलटी केली. आतले कपडे, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, सगळं फरशीवर. मिशेरी सापडली नाही. बाई म्हणाल्या, "लपवली असशील." सगळं गोळा करून परत भरताना मी मान वर केली नाही.

त्या दिवसांत मला मिठाची भूक लागायची. पोटात अन्न ठरत नव्हतं, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण मीठ दिसलं की हात जायचा. मेसमध्ये चिमूट तोंडात टाकताना पकडलं. "मेंढरांत वाढलीय, मीठ चाटणारच," बाई म्हणाल्या. मुली हसल्या. मीही हसले. ते हसू आठवलं की आजही अंगाची आग होते.

खरं सांगते, मलाही वाटायला लागलं होतं की घाण माझ्यातच आहे. अंघोळ करताना कोपरं वजरीनं घासायचे, रक्त येईपर्यंत. बाईंचं काम मीच करत होते.

एके सकाळी बाईंनी पुन्हा तोंड उघडायला लावलं. "आज मीच घासते तुझे दात." दोघींनी मागून हात धरले. तोच कपड्यांचा ब्रश, तोच सोडा, माझ्या तोंडात. ओठ फाटला. घशाशी आलं. हिरड्यांवर ब्रश फिरत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली: ही बाई मला माणूस समजत नाही. ब्रश बाहेर निघाला आणि त्यांचा अंगठा दातांत आला.

मी चावले. ठरवून चावले. त्या किंचाळल्या, मुलींनी पाठीत बुक्क्या घातल्या, केस ओढले. मी सोडलं नाही. त्यांच्या रक्ताची खारट चव तोंडात आली. मग डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी पडले.

डोळे उघडले तेव्हा सलाईन चालू होतं. मोठ्या डॉक्टरांनी माझे हात पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "मीठ खावंसं वाटतं का?" मला रडू फुटलं. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. माझ्या क्षयानं पोखरल्या होत्या. म्हणून कातडी काळी पडत होती, रक्तदाब तळाला गेला होता, अंग मीठ मागत होतं. "आणखी उशीर झाला असता तर ही मुलगी मेली असती," ते बाईंच्या देखत म्हणाले. बाईंच्या अंगठ्याला बँडेज होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

हिंडायला लागल्यावर मेट्रननं गावाहून आलेल्या आईला आणि मला बोलावलं; बाई तिथंच बसल्या होत्या. "बाईंना काय माहीत रोग आहे ते? त्यांना मळ वाटला. तू आजारी होतीस म्हणून आम्ही सोडून देतो. मुलींसमोर माफी माग आणि शिक्षण चालू ठेव."

आईनं माझा हात दाबला. "माग, बाय. येवडं शिकलीस ते वाया जाईल."

मी बाईंकडे पाहिलं. "मळ असता तर?"

मी दोन्ही तळहात पुढे केले.

"खरंच मळ असता तर रक्त काढायचं हुतं का, बाई? तोंडात ब्रश कोंबायचा हुता का? रोग निघाला म्हणून मी माणूस झाले व्हय?"

"परत असं करणार नाही, एवढं तरी म्हण," मेट्रन म्हणाली.

"परत धरलं तर परत चावीन."

माझं नाव त्याच दिवशी काढलं. पदर खोचून आईनं ट्रंक उचलली.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, घेते. कातडी बरीच उजळली. काळीच राहिली असती तरी मान खाली घातली नसती. रोग असो की मळ, माझ्या अंगाला हात लावायच्या आधी मला विचारायचं. न विचारता धरलं, तर हाडाला लागेपर्यंत दात रोवीन.