वाटेकडे तोंड केलेला मांडव

पंप दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. कुणाच्या विहिरीवर मोटार उघडून बसला, की हात नटबोल्टवर आणि तोंड जगभर. मोटार सुरू झाली तरी माणसं उठायची नाहीत, कारण गोष्ट अर्धी राहिलेली असायची. बायको कपाळाला हात लावायची.

मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. समजत सगळं होतं, पण बोलायला गेला की घशातून नुसता घोगरा आवाज निघायचा आणि तो स्वतःच दचकायचा. शेतावरचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत त्याची खाट, खिडकी एकच, तीही गोठ्याकडे. दिवसभर पत्र्याकडे बघत पडून राहायचा.

“यांना माणसं लागतात,” ती दिराला म्हणाली. “बाहेर मांडव घालू या. वाटेच्या कडेला. येणारे-जाणारे दिसतील, चार शब्द कानावर पडतील.”

दीर सुतार होता. वहिनीचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता, पण या वेळी तो मान खाजवत म्हणाला, “घरामागे चिंचेखाली बसवा की. आयती सावली आहे.”

“तिथे कोण येणार? कुत्रं?”

जमीन मुरमाड. पहार मारली की उलट हातालाच झिणझिण्या. नवऱ्याला भरवून, पुसून, कूस बदलून ती खड्डे खणायला यायची. खांबांसाठी त्याच्याच शेडमधले जुने लोखंडी पाइप काढले. वर बांबूची चौकट, त्यावर हिरवी जाळी. जाळी अपुरी पडली म्हणून दोन तुकडे सुतळीने तिने स्वतः शिवले. चाकाची खुर्ची रुतू नये म्हणून जमीन पाणी शिंपडून चोपून घेतली. दुधीचा वेल लावला, तोही चौकटीवर चढला. दाराशी बसवलेला नवरा डाव्या हाताने खुणा करायचा, हा पाइप तिरका, तो जरा आत घ्या. दीर ओळंबा लावून बघायचा आणि हसायचा. “दादाचं बरोबर आहे!” तेवढे दिवस घरात बरं वाटत होतं.

खुर्ची मांडवात आली तशी माणसंही आली. बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलली. त्याचा जिवाभावाचा दोस्त, किराणा दुकानदार, लांबूनच म्हणाला, “काय रे रेडिओ, बॅटरी संपली का?” तो उत्तर द्यायला गेला. तोंड वाकडं झालं, आवाज चिरकला, लाळ गळली. दुकानदार आपल्या चपलांकडे बघत राहिला. मग दुकान उघडं टाकून आलोय, म्हणाला आणि निघाला.

हळूहळू वाट ओस पडली. भेंडी तोडताना एकदा तिच्या लक्षात आलं. माणसं वळणावरच थांबत होती आणि पलीकडच्या चिखलाच्या बांधावरून जात होती.

“चपला हातात घेऊन जातात भाऊजी, पण इकडून येत नाहीत.”

“काय बोलावं ते कळत नसेल त्यांना.”

“नका ना बोलू! नुसतं बसा.”

दुकानात जाऊन तिने दुकानदारालाही तेच सांगितलं. “येतो ना वहिनी, नक्की येतो,” तो म्हणाला. आला तो वळणापर्यंत. खुर्चीतल्या माणसाने त्याला पाहून डावा हात उंच केला. दुकानदार मान खाली घालून बांधाला लागला. हात मात्र वरच राहिला. शेवटी तिने जवळ जाऊन तो धरला आणि मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची खाटेला लावली, तर त्याने खाटेचा गज घट्ट पकडला. तिने बोटं सोडवायला घेतली आणि त्याचे डोळे पाहून सोडून दिली. पुन्हा तो घराबाहेर आला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिने चिंचेखाली नेऊन पाहायचं ठरवलं, तेही त्याने होऊ दिलं नाही. असा पुष्कळ दिवस जगला आणि एका दुपारी गेला.

माणसं लोटली. ऊन कडक होतं, सगळी मांडवात दाटीवाटीने बसली. त्याच्या गोष्टी निघाल्या. दुकानदाराने त्याची नक्कल केली आणि करता करता हुंदका दिला. आतल्या खोलीत तिला सगळं ऐकू येत होतं.

दीर आत आला. “वहिनी, घालवून देऊ सगळ्यांना?”

ती रिकाम्या खाटेवरची चादर काढत होती.

“नको,” ती म्हणाली. “पाणी विचारा त्यांना.”