साठावा दिवस

कल्पना करा, तुमच्यासमोर एक फॉर्म आहे आणि त्यातला एकच रकाना कोरा आहे : माल घेणाऱ्या देशाची संमती मिळाली का? होकार आलेला नाही, नकारही नाही. दोन स्मरणपत्रं गेली. आज साठावा दिवस, आणि सही तुमचीच लागणार आहे.

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियातल्या सरकारी कचेरीत झ्लातिना सकाळपासून त्या रकान्याकडे बघत होती. माल होता बारा टन कीटकनाशक. ते तिच्या देशात वापरायला बंदी होती आणि निघालं होतं पश्चिम आफ्रिकेतल्या कापसाच्या शेतांकडे. साठ दिवसांत उत्तर आलं नाही आणि बाकीच्या अटी जुळल्या, तर काही काळापुरता माल सोडायची मुभा होती.

समोर कंपनीचा कुझ्मान बसला होता. मांडीवर बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या पॅटिसचा, तेलकट पुडा.

"खा ताई, गरम आहे तोवर. कंटेनर वार्नाच्या बंदरात उभा आहे. नको असता तर ओरडले नसते का ते?"

"तुझी बायको गप्प बसते, तेव्हा तिचा होकार असतो का रे?"

"तिचं सोड. मार्चमध्ये आमचं दुसरं औषध गेलं, तेव्हाही ते गप्पच होते. तू केलीसच की सही."

झ्लातिनाने त्या देशातल्या अधिकाऱ्यांची यादी काढली. परदेशी फोनला साहेबांची परवानगी लागायची, म्हणून आजवर सगळं मेलवरच चालायचं. तिने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये नाव सांगितलं.

"मी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालो, बाई," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "हा माझा घरचा नंबर."

"मग माझी पत्रं?"

"कचेरीच्या मेलमध्ये असतील. पासवर्ड माझ्याकडेच राहिला. कुणी मागितलाच नाही."

झ्लातिनाने रकान्यात 'नाही' लिहिलं, खाली 'माल सोडू नये' म्हणून सही केली आणि फॉर्म कुझ्मानपुढे सरकवला.

"अगं, पण नियमात बसतंय ना?"

"पत्र कुणी वाचलंच नाही, कुझ्मान. साठ दिवस कुणाचे मोजायचे?"

तो फॉर्म उचलून निघाला. पुडा टेबलावरच राहिला. तिने कपाटातून मार्चची फाइल काढली. पत्र मिळाल्याची पोच कुठेच नव्हती. होती फक्त तिची सही आणि पिंपांचा आकडा, चाळीस.

ती पिंपं आता कुठे असतील, आणि ती उघडणाऱ्याला आत काय आहे हे कुणी सांगितलं असेल का?